मोडका पंखा आणि नव्याची निवड

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर रेतीत ओढून ठेवलेल्या मासेमारीच्या होड्या पाहिल्या, म्हणजे पूर्वी वल्ह्यांचा आणि शिडाचा जो अधिकार होता तो आता होडीच्या मागच्या फळीवर अडकविलेल्या यंत्राकडे गेलेला दिसतो. ह्या यंत्राच्या खालच्या टोकाला, पाण्यात बुडालेला, बहुधा तीन पात्यांचा एक पंखा असतो. त्याचे इंग्रजी नाव प्रोपेलर. किनाऱ्यावरची माणसे त्याला पंखाच म्हणतात, आणि ह्या लेखातही तोच शब्द ठेवला आहे. यंत्राच्या मानाने त्याची किंमत थोडी. पण यंत्राने जाळलेल्या तेलातून होडीच्या पदरात किती पडले, ह्याचा निकाल मात्र हा पंखाच देतो.

आणि सर्वांत आधी मोडतो तोही हाच. कधी तो खडकाला घासतो, कधी ओहोटीच्या वेळी रेतीत रुततो, कधी वाहत आलेल्या ओंडक्याशी त्याची गाठ पडते. मग नवा घेण्याची वेळ येते. त्या वेळी शेजाऱ्याच्या होडीला आहे तोच, किंवा दुकानात हाताशी असेल तो, किंवा ‘हा जास्त पळतो’ असे सांगून विक्रेत्याने पुढे केलेला पंखा घरी येतो. ह्या तिन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे : होडीला कोणी विचारलेले नसते. गेल्या दोनशे वर्षांचा पंख्याचा इतिहास वाचीत गेले असता असे दिसते की, ह्या वस्तूविषयी मोठमोठ्या बुद्धिमंतांनी कागदावर बांधलेले अंदाज पाण्यात उतरल्यावर वारंवार फिरले, आणि शेवटचा शब्द नेहमी पाण्यातल्या परीक्षेचाच राहिला. तो इतिहास मनोरंजक आहेच; परंतु ज्याला आज पंखा बदलावयाचा आहे त्याच्याही तो कामाचा आहे.

वाफेची शक्ती जहाजाला लावण्याचे पहिले यशस्वी साधन म्हणजे दोन बाजूंना बसविलेली वल्ह्यांची चाके. नदीत ती उत्तम चालत. समुद्र उसळला, की जहाज एका कुशीवर कलंडे, एक चाक खोल बुडे आणि दुसरे हवेत फिरत राही. लढाऊ जहाजावर तर ती चाके म्हणजे शत्रूच्या तोफांना उघडे निमंत्रण. म्हणून पाण्याखाली, जहाजाच्या पाठीमागे, मळसूत्रासारखा फिरणारा पंखा लावावा ही कल्पना अनेकांच्या मनात घोळत होती. १८०४ साली अमेरिकेत जॉन स्टीव्हन्स ह्याने हडसन नदीत दोन पंख्यांची लहानशी बोट चालवून दाखविली. १८२७ साली ऑस्ट्रियाच्या वनखात्यातील अधिकारी योझेफ रेसेल ह्याने पेटंट घेतले, आणि १८२९ साली त्रिएस्त बंदरात ‘चिवेत्ता’ नावाच्या बोटीवर प्रयोग केला. बोट चालली, परंतु वाफेची नळी फुटली, आणि पोलिसांनी पुढील प्रयोगांस मनाई केली. नळीच्या अपराधाची शिक्षा पंख्याला झाली.

ह्या कथेचा खरा नायक मात्र एक मेंढपाळ शेतकरी आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा लंडनजवळच्या हेंडन गावचा राहणारा. खेळण्यातल्या बोटी करण्याचा त्याला बाळपणापासून नाद. ३१ मे १८३६ रोजी त्याला पंख्याचे पेटंट मिळाले, आणि अवघ्या सहा आठवड्यांनी, १३ जुलै रोजी, जॉन एरिक्सन ह्या स्वीडिश इंजिनियरलाही त्याच कामाचे दुसरे पेटंट मिळाले. स्मिथचा पंखा लाकडी होता, आणि त्याला मळसूत्राचे दोन पूर्ण वेढे होते. वेढे जितके अधिक तितकी पाण्यावर पकड अधिक, असा त्याचा हिशेब. लाकडात पिळलेल्या मळसूत्राची उपमा डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे हा हिशेब अगदी बिनतोड वाटतो.

१८३७ च्या फेब्रुवारीत पॅडिंग्टनच्या कालव्यात बोट चालली असता तो पंखा कशावर तरी आदळला आणि त्याचा निम्मा भाग तुटून गेला. दोन वेढ्यांचा एक वेढा राहिला. बोट आता मंदावणार असे वाटावे, तो ती पूर्वीपेक्षा अधिक वेगाने चालू लागली! पाणी म्हणजे लाकूड नव्हे. पहिल्या वेढ्याने मागे लोटलेल्या पाण्यातच दुसरा वेढा फिरत होता. तो नवे ढकलीत काहीच नव्हता, नुसता घासत होता. अपघात अनेकांना होतात. स्मिथचा मोठेपणा हा, की त्याने तुटलेला भाग परत जोडण्याचा हट्ट धरला नाही. पाण्याने दिलेला निकाल त्याने मान्य केला, आणि पुढे पेटंटाच्या वर्णनातही त्याप्रमाणे दुरुस्ती करून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात ती चिमुकली बोट घेऊन तो समुद्रावर गेला आणि खवळलेल्या पाण्यातही ती चालते हे त्याने दाखविले.

एरिक्सनच्या नशिबी मात्र विद्वानांची गाठ आली. १८३७ साली त्याने आपल्या बोटीमागे इंग्लंडच्या नौदलखात्याच्या अधिपतींचीच नौका बांधून ती टेम्स नदीतून ओढून नेली. अधिपती नौकेत बसले होते, नौका वेगाने चालली होती, आणि तरीही अभिप्राय असा पडला की, मागून शक्ती लावलेले जहाज सुकाणूला जुमानणार नाही! डोळ्यांपुढचा पुरावा असा बाजूला सारलेला पाहून आमच्यासारख्या न्यायालयात वावरणाऱ्या माणसाला फारसे नवल वाटत नाही. एरिक्सन १८३९ साली अमेरिकेस निघून गेला.

पंख्याच्या विजयाची जी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते ती ३ एप्रिल १८४५ ची. ‘रॅटलर’ हे पंख्याचे आणि ‘अलेक्टो’ हे चाकांचे, अशी दोन जहाजे पाठीला पाठ लावून दोराने बांधली आणि दोघांनी विरुद्ध दिशांना ओढावे असे ठरले. रॅटलरने अलेक्टोला, तिची चाके पूर्ण जोराने फिरत असता, सुमारे अडीच नॉट वेगाने मागे खेचीत नेले. देखावा विलक्षण खरा. परंतु साक्षीदाराने काय सांगितले त्यापेक्षा काय सांगितले नाही हे आधी पाहण्याची आमच्या धंद्याची खोड आहे. त्या दिवशी रॅटलरच्या यंत्राने अलेक्टोच्या यंत्राहून पुष्कळच अधिक शक्ती दिली होती. शिवाय पंख्याची जहाजे बांधण्याचा निर्णय खात्याने त्याआधीच घेतला होता. म्हणजे हा सामना निकालानंतरचा जाहीर सोहळा होता. खरी परीक्षा त्यापूर्वीची, १८४३ पासून चाललेली आणि कोणाच्या फारशी ध्यानात नसलेली : त्याच रॅटलरवर नाना आकारांचे पंखे एकामागून एक बसवून, मळसूत्राची लांबी कमी कमी करीत, प्रत्येक वेळी वेग मोजून पाहिला गेला. जहाज तेच, यंत्र तेच, बदलला तो केवळ पंखा. दोन होड्यांची शर्यत लावून ‘त्याचा पंखा चांगला’ असे ठरविणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. दोन होड्यांत पंख्याखेरीज पन्नास गोष्टी वेगळ्या असतात.

पंखा बदलण्याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ब्रुनेल ह्या इंजिनियरच्या ‘ग्रेट ब्रिटन’ जहाजाचे म्हणावे लागेल. स्मिथचे ‘आर्किमिडीज’ जहाज १८४० साली उसने घेऊन ब्रुनेलने ते तपासले, आणि अर्धवट बांधून झालेल्या आपल्या प्रचंड जहाजाची चाके रद्द करून पंखा पत्करला. हे जहाज १८४३ साली पाण्यात उतरले. त्याचा पहिला पंखा सहा पात्यांचा, साडेपंधरा फूट व्यासाचा होता. अटलांटिक महासागर ओलांडताना त्याची पाती गळून पडू लागली. मग तो काढून चार पात्यांचा, एकसंध ओतीव लोखंडाचा पंखा बसविला. पहिला पंखा कार्यक्षमतेच्या दृष्टीने मुळीच वाईट नव्हता. तो समुद्राचा मार सोशीना, एवढेच. कामाचा पंखा आणि टिकणारा पंखा ह्यांतली ही ओढाताण आजच्या लहान होडीलाही चुकलेली नाही. तिच्याकडे पुढे येऊ.

जाता जाता, ह्या पंख्याने कायद्याच्या पुस्तकातही एक कलम मिळवून दिले आहे ते सांगितल्यावाचून राहवत नाही. १८५१ साली लंडनच्या चान्सरी न्यायालयात कॉल्डवेल विरुद्ध व्हानव्लिसेंगेन हा खटला चालला. पंख्याचे इंग्रजी पेटंट ज्यांच्याकडे होते त्यांची तक्रार अशी, की डच जहाजे त्याच जातीचे पंखे लावून इंग्लंडच्या पाण्यात येतात. न्यायमूर्तींनी मनाईहुकूम दिला : परकी माणूस देशात आला की तो त्या देशाच्या कायद्याखाली आला. तर्क निर्दोष, परिणाम असा, की प्रत्येक परदेशी जहाजाने बंदरात शिरण्यापूर्वी पंखा काढून ठेवावा! पुढच्याच वर्षी, १८५२ च्या पेटंट कायद्यात, परदेशी जहाजांना ह्यातून सूट देण्यात आली. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचे ४९ वे कलम त्याच कुळातले आहे. तात्पुरत्या आलेल्या परदेशी जहाजाच्या अंगावरील यंत्रसामग्रीने पेटंटाचा भंग होत नाही असे ते सांगते.

पुढच्या काळात रँकिन, फ्रूड आदी शास्त्रज्ञांनी पंख्याचे गणित बसविले. त्याच्या तपशिलात न शिरता चार्ल्स पार्सन्सची अडचण मात्र सांगितली पाहिजे. १८९४ साली त्याने ‘टर्बिनिया’ ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी बोट बांधली. यंत्र अतिशय वेगाने फिरे, पण बोट त्या मानाने चालेना. कारण असे, की पंखा फार वेगाने फिरला म्हणजे पात्याच्या पाठीवरचा दाब इतका उतरतो की तेथले पाणी थंडच असता उकळते आणि वाफेच्या पोकळ्या तयार होतात. पंख्याची पकड मग पाण्यावर न राहता पोकळीवर पडते. ह्या पोकळ्या विझताना पात्याची धातूही खातात. पार्सन्सने एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि एका पंख्याऐवजी नऊ पंखे लावले, म्हणजे तोच भार अधिक पात्यांवर वाटून दिला. आणि १८९७ साली, राणीच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात, ती बोट ३४ नॉटच्या आसपास वेगाने सर्वांच्या देखत पळाली. पात्याचे क्षेत्रफळ भाराला पुरेसे पाहिजे हा धडा तेव्हापासूनचा.

होडीच्या मागे टांगावयाचे सुटे यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभीचे. अमेरिकेत वॉटरमन ह्याने ते १९०५ च्या सुमारास बाजारात आणण्याची खटपट केली, आणि १९०९ साली ओले एव्हिनरूड ह्याच्या दीड अश्वशक्तीच्या यंत्राने ते लोकप्रिय केले. पंख्याच्या दृष्टीने ह्या यंत्राची एक अडचण जन्मजातच आहे. मोठ्या जहाजाला हवा तेवढा व्यासाचा पंखा लावता येतो; आउटबोर्डच्या पंख्याला वर आडवी पट्टी आणि पुढे गिअरची पेटी, ह्यांच्यामध्ये मावेल तेवढेच मोठे होता येते. व्यास यंत्राने जवळजवळ ठरवूनच दिलेला असतो. आपल्या हाती राहते ती मुख्यत्वे दुसरी गोष्ट, म्हणजे पिच.

पंख्याच्या बुंध्यावर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ९¼ × १०. पहिला आकडा व्यासाचा, इंचांत. दुसरा पिचचा : पाणी लाकडासारखे घट्ट असते तर एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे गेला असता तो. स्मिथला फसविणारी लाकडाची कल्पना अशी ह्या आकड्यात अजून जिवंत आहे. फरक एवढाच, की आता ती केवळ मोजमापासाठी वापरतात. समजा यंत्राचे मिनिटाला ५,००० फेरे होतात आणि गिअरमुळे पंख्याचे निम्मे, म्हणजे २,५०० होतात. दहा इंच पिचने मिनिटाला २५,००० इंच, म्हणजे तासाला सुमारे ३८ किलोमीटर अंतर कागदावर कापले गेले. प्रत्यक्षात भरलेली होडी २२ किलोमीटरच गेली, तर शेकडा ४२ इतकी घसर झाली. घसर म्हणजे चोरी नव्हे. पाणी मागे सरकल्याशिवाय होडी पुढे जातच नाही. हलक्या, पाण्यावर तरंगत पळणाऱ्या बोटीची घसर शेकडा १० ते २० असते. जाळी, बर्फ, तेल आणि पाच-सहा माणसे घेऊन निघालेल्या होडीची त्याहून कितीतरी जास्त असावयाचीच.

आता ‘जास्त पळणारा’ पंखा म्हणजे काय, हे उघड होते. तो अधिक पिचचा असतो. रिकाम्या होडीवर, विक्रेत्याच्या देखत, तो खरोखरच जास्त पळतो. भरल्या होडीवर मात्र यंत्राला तो पेलवत नाही. फेरे वर चढत नाहीत, यंत्र कण्हू लागते, तेल पुरते जळत नाही, काजळी धरते, आणि हळूहळू पिस्टनापर्यंत दुखणे पोहोचते. सायकलने घाट चढताना जड गिअर लावण्यासारखेच हे आहे. उलट पिच फारच कमी घेतले तर यंत्र मर्यादेबाहेर भिरभिरते, आणि तेही त्याच्या जिवावर येते. दोहोंमधली जागा कोणती, हे प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेले असते : पूर्ण जोर दिला असता फेरे अमुक ते अमुक असावेत. पिच एक इंच कमी केले तर फेरे साधारण १५० ते २०० वाढतात, एक इंच वाढविले तर तितकेच उतरतात. पुस्तिकेतला पट्टा ५,००० ते ६,००० असेल आणि भरलेल्या होडीवर फेरे ४,६०० च्या पुढे जात नसतील, तर पिच तीन-चार इंच उतरविण्याची गरज आहे असे हे गणित सांगते. पण एकदम एवढी उडी न घेता दोन इंच कमी पिचचा पंखा लावून पुन्हा मोजावे हे बरे.

मोजणी भरल्या होडीवरच केली पाहिजे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात उतरल्या, की पहिल्या काही खेपांतच हे काम उरकून घ्यावे. फेरे मोजण्याचे छोटे उपकरण प्लगच्या तारेला गुंडाळून लावता येते. वेग मोबाइलवरही कळतो. मांडवीसारख्या भरती-ओहोटीच्या नदीत एकाच दिशेचा वेग धरू नये. जाताना आणि येताना, दोन्ही वेळचा मोजून सरासरी काढावी. समुद्रावरील मोजलेल्या मैलावर मोठ्या जहाजांची परीक्षा अशीच होत आली आहे. आणि पंखे दोन असतील तर होडी, माणसे, ओझे काहीही न बदलता दोन्ही लावून पाहावे. रॅटलरवर केले तसे.

ह्या निवडीत केवळ तेलाचाच प्रश्न असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. आग्वादजवळच्या मांडवीच्या मुखाशी किंवा बेतूलला साळ नदीच्या तोंडाशी रेतीचा दांडा आहे आणि त्यावर लाटा फुटतात. मासळीने भरलेली होडी आत घेताना दोन लाटांच्या मधले जे थोडे क्षण मिळतात त्यांत यंत्राने ताबडतोब ढकलले पाहिजे. तेथे अंतिम वेगाचा काही उपयोग नाही. थांबलेल्या होडीला पुढे रेटणारा, कमी पिचचा आणि भरपूर रुंद पात्यांचा पंखा तेथे माणसांना घरी आणतो. लाटेवर होडीचा मागचा भाग उचलला जाऊन पंखा हवा धरतो, फेरे एकदम चढतात आणि ढकल नाहीशी होते. ह्याला पुष्कळ जण पार्सन्सची पोकळी समजतात, पण ही वरून शिरलेली हवा आहे. यंत्राची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला आहे की वर राहिली आहे, हे आधी पाहावे. नुसता पंखा बदलून हा दोष जात नाही. पट्टी बरोबर असूनही त्रास राहिला तर मात्र चार पात्यांचा पंखा पुष्कळदा बरी पकड देतो.

धातूविषयी ब्रुनेलची ओढाताण येथे परत येते. पोलादी पंख्याची पाती पातळ ठेवता येतात, ती वाकत नाहीत आणि काम अधिक चांगले देतात. ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त आणि मऊ; खडकावर आपटला की त्याचेच पाते वाकते किंवा तुटते. खडकाळ आणि उथळ पाण्यात हा दुर्गुणच उपयोगी आहे, कारण पंख्याने न सोसलेला धक्का आत दांड्याकडे आणि गिअरच्या दात्यांकडे जातो, आणि ती दुरुस्ती कित्येक पंख्यांच्या किमतीची होते. लहान यंत्रात ह्यासाठीच एक पिन मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. ती तुटते आणि बाकीचे वाचते. मोठ्या यंत्रात ते काम बुंध्यातला रबरी बुश करतो. पिन तुटली म्हणून तिच्या जागी खिळा ठोकणारे काही हुशार लोक असतात. घरातल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणाऱ्यांचे ते सख्खे भाऊ होत. आणि पंख्याला काहीही झालेले दिसत नसता यंत्र गुरगुरते पण होडी हलत नाही, असे झाले तर नवा पंखा घेण्यापूर्वी तो बुश सुटला आहे काय हे तपासावे.

पंखा बदलताना दांड्यावरचे दाते, त्यांची संख्या आणि फिरण्याची दिशा जुळते की नाही हे जुना पंखा दुकानात सोबत नेऊनच पाहावे. नुसता अश्वशक्तीचा आकडा सांगून भागत नाही. जुना काढला की त्याच्या मागे दांड्याभोवती नायलॉनची दोरी गुंडाळलेली आढळण्याचा संभव फार. ती सील कापून गिअरच्या पेटीत खारे पाणी सोडते, म्हणून तेथले तेल दुधाळ झाले आहे काय ते त्याच वेळी बघून घ्यावे. दांड्याला ग्रीस लावावे. जुना पंखा थोडाच वाकलेला असला तर भंगारात घालू नये. तो नीट करून घेऊन होडीत ठेवावा, आणि त्याच्याबरोबर दोन कॉटर पिना, पाना, आणि पाते अडविण्यापुरता लाकडाचा एक ठोकळा. समुद्रात पंखा काढण्याची पाळी आलीच, तर हात घालण्यापूर्वी प्लगची तार काढून ठेवावी.